उगाच एक फेरा

मराठी माणसाला पायी चालायला दोनच सबळ कारणं लागतात. एक डॉक्टर आणि दुसरा देव. डॉक्टरने साखर वाढल्याचं सांगितलं की तो मैदानाभोवती घड्याळ लावून फिरतो आणि देवाने बोलावलं की आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जातो. तिसऱ्या कोणत्याही कारणाने चालणारा माणूस आपल्याकडे संशयास्पद समजला जातो. तुम्ही नुसते झाडांखालून सावकाश चालत असाल, तर एखादी मोटारसायकल हमखास शेजारी येऊन थांबते आणि तिच्यावरचा सद्गृहस्थ विचारतो, "काय झालं? पेट्रोल संपलं का?" "नाही, उगाच फिरतोय," असं सांगितलंत, की तो ज्या नजरेने बघतो ती नजर माझ्या ओळखीची आहे. काउंटरवर सही न जुळणारा चेक आला की मी त्याच्याकडे असाच बघतो.

तर मी या 'उगाच'चा वकील म्हणून उभा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या मंडळींची सोय होईल. प्रत्येक तीर्थक्षेत्राला आणि प्रत्येक बऱ्यापैकी गावाला नदीकाठच्या सावलीतून जाणारी, अर्ध्या तासात निघालो तिथे परत आणून सोडणारी एक पायवाट असलीच पाहिजे. आणि त्या पायवाटेवर एक रुपयाचंही बांधकाम होता कामा नये.

हे सुचलं ते पोहरादेवीमुळे. बँकेच्या बदल्यांचं शास्त्र ज्योतिषापेक्षा अवघड आहे. त्या शास्त्राच्या कृपेने मी वाशीम जिल्ह्यात येऊन पडलो आणि मानोरा तालुक्यातलं हे गाव पायाखालचं झालं. पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. इथे जगदंबेचं मंदिर आहे, संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि रामनवमीला इथे लाखोंची यात्रा भरते. आता रामनवमी येते चैत्रात. वऱ्हाडातला चैत्र ज्याने अंगावर घेतला नाही, त्याला ऊन या शब्दाचा नुसता कोशातला अर्थ माहीत असतो. पारा चाळिशीच्या आसपास खेळत असतो आणि आजूबाजूच्या डोंगरांवरचा साग पानं टाकून, हात वर करून, पोलिसांना शरण आल्यासारखा उभा असतो. जंगल आहे, पण सावली नाही. म्हणजे खातं आहे, पण शिल्लक नाही!

मात्र याच दिवसांत अरुणावतीच्या खोऱ्यातल्या एखाद्या नाल्याच्या काठाने जाऊन बघा. उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन ही मंडळी हिरवीगार असतात. नाल्याचं पाणी वरून आटलं तरी खाली ओल असते आणि यांची मुळं तिथवर पोचलेली असतात. कुठे खडकाच्या बगलेला डोह राहिलेला असतो आणि त्यावर खंड्या टपून बसलेला असतो. पांदणीने जावं, काठाकाठाने सावलीतून चालावं आणि शेताच्या धुऱ्यावरून वळून गावात यावं. असा एक फेरा मी रविवारी सकाळी मारतो. पाऊण तास लागतो, त्यातली पंधरा मिनिटं मी बसलेला असतो.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं ऐकू. हा पक्ष बहुधा आपल्याच घरात असतो. आमचे मेहुणे पुण्याहून आले, त्यांना मी हौसेने या फेऱ्याला नेलं. दहा मिनिटांत त्यांनी विचारलं, "पॉइंट कुठे आहे?" मी म्हटलं, पॉइंट नाही. "मग इथे बघायचं काय?" मेहुण्यांचा दोष नाही. माथेरान-महाबळेश्वरला इंग्रजांनी जे पॉइंट नेमून दिले, त्यांच्यापलीकडे निसर्ग असतो हे आपल्याला कोणी कळवलंच नाही. सूर्यास्त बघायचा तर तो सनसेट पॉइंटवरून. इतर ठिकाणी होतो तो नुसता अंधार!

मेहुण्यांचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता. "गोल फिरून परत तिथेच यायचं, याला काय अर्थ आहे?" मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. ट्रायल बॅलन्समध्ये नावे आणि जमा दोन्ही बाजू सारख्या येऊन फरक शून्य उरला, की आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवतो. तेव्हा शून्याला नावं ठेवणं मला तरी खपणार नाही. आणि प्रदक्षिणा म्हणजे दुसरं काय असतं? वडाला सात फेरे घालणाऱ्या बाईला कोणी विचारतं का, "काकू, पोचलात कुठे?" नर्मदेची परिक्रमा शास्त्राप्रमाणे ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस चालते आणि तीही निघालो तिथेच आणून सोडते. गोल फिरण्याचं आपल्याला वावडं नाहीच. वावडं आहे ते फिरण्यामागे पुण्य किंवा साखर नसण्याचं.

हेच जपानी माणसाने सांगितलं की मात्र आपल्याला पटतं. जपानच्या वनखात्याने १९८२ साली लोकांना आवाहन केलं, की जंगलात जा आणि नुसते सावकाश फिरा. त्याला त्यांनी 'शिनरिन-योकू' असं नाव दिलं, म्हणजे वनस्नान. आता शहरांतून त्याचे पैसे भरून वर्ग चालतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे तर अशा छोट्या गोल वाटांच्या तोंडाशी अंतर आणि लागणारा वेळ लिहिलेली एक पाटी असते, आणि बहुतेक वेळा एवढीच काय ती सुधारणा. आपल्याकडे पाटीशिवाय सगळं करतात.

इथे मी मुद्द्याच्या शत्रूकडे वळतो. त्याचं नाव सुशोभीकरण. मी एका गावी (नाव सांगत नाही, तुमचं गाव असेल तर तुम्हाला कळेलच) नदीकाठाचं सुशोभीकरण पाहिलं. आधी उंबर तोडले, कारण फळं पडून घाण होते. मग पेव्हर ब्लॉक बसवले. मग त्यांच्यावर लोखंडी बाकं ठेवली, जी मार्चपासून जूनपर्यंत भाकरी भाजायच्या उपयोगाची असतात. शेवटी तोडलेल्या झाडांच्या जागी सिमेंटचा बुंधा उभा केला, तपकिरी रंग दिला आणि त्यावर सालीच्या रेघासुद्धा ओढल्या. उद्घाटनाला मंडप घातला होता, कारण सावली नव्हती.

आमच्या हिशेबशास्त्रात घसारा म्हणून एक प्रकार आहे. इमारत बांधलीत की दर वर्षी तिची किंमत कमी धरायची. प्राप्तिकराच्या नियमांत बिनराहत्या इमारतीला तो १० टक्के आहे. पेव्हर ब्लॉक तर दोन पावसाळ्यांत उचकटतात. उंबर मात्र दर वर्षी वाढतो, काठाची माती धरून ठेवतो, पाखरं पोसतो आणि रंगरंगोटीचं बिल पाठवत नाही. घसारा न लागणारी ही मालमत्ता आपण विकासाच्या कागदांत 'अडथळा' या सदरात दाखवतो. असा ताळेबंद आमच्या शिकाऊ क्लार्कने मांडला तर त्याला रात्री नऊपर्यंत बसवून घेतील.

आणि हे पोहरादेवीत बोलायला विशेष कारण आहे. बंजारा समाज म्हणजे चालणाऱ्यांचा समाज. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांच्या लदेणीने हा देश पिढ्यान् पिढ्या पायी पालथा घातला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली आणि रूळ जसजसे पसरले तसतसा हा व्यापार बसला. पुढे १८७१ साली इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा आणला, त्याचा जाच बंजाऱ्यांनाही झाला. तो कायदा १९५२ साली गेला. म्हणजे उगाच फिरणाऱ्याकडे संशयाने बघण्याची आपली सवय किती जुनी आहे बघा. सरकारने तिचा कायदाच केला होता! आमच्या खातेदारांपैकी तांड्यावरचे एक आजोबा आहेत. मी क्लार्क असलो तरी वऱ्हाडात बँकेतला प्रत्येक माणूस साहेबच असतो. माझा फेरा त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बरोबर हाये साहेब. आमचे आजे-पंजे सावली पाहूनच बैल हाकत. उन्हात बैल बसला का सौदा बसला."

पोहरादेवीला २०२४ च्या ऑक्टोबरात बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत नंगाऱ्याच्या आकाराची आहे आणि समाजाचा वारसा आत मांडलेला आहे. चांगलं झालं, ते हवंच होतं. पण लदेणीची वाट काचेच्या कपाटात मावत नाही. ती पायाखालीच समजते. संग्रहालय बघून बाहेर पडलेल्या पोराला अर्धा तास नाल्याकाठच्या सावलीतून चालवा, म्हणजे आपला पणजोबा पाणी आणि झाड यांच्या आधाराने कसा मुलूख तुडवत गेला हे त्याला न सांगता कळेल. पुढे एक दिवस पाणी वाटीवाटीने विकलं जाईल, असं सेवालाल महाराज सांगून गेले अशी समाजात श्रद्धा आहे. आज त्यांच्याच यात्रेत आपण बाटलीबंद पाणी विकत घेऊन पितो आणि नाल्याकाठच्या झाडांकडे पाठ करून बसतो.

कोणी म्हणेल, साहेब, आता उशीर झाला. मुळीच नाही. मुंबईत धारावीजवळ मिठी नदीच्या काठी कचऱ्याचे ढीग होते. त्या कचऱ्यावर १९८० च्या दशकात झाडं लावली आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांना खुलं झालं. आज तिथे शाळेची पोरं झाडीतून रांगेने फिरतात. मुंबईला जे कचऱ्यातून उभं करावं लागलं, ते वऱ्हाडातल्या नाल्यांना आयतं मिळालेलं आहे. आणि लोकांना याची किंमत कळत नाही असंही नाही. २०२३ च्या एप्रिलात पुण्यात मुळा-मुठेच्या काठावरच्या झाडांसाठी माणसं उन्हात चालली. २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनातली झाडं कुंभमेळ्यासाठी तोडायचं ठरलं, तेव्हाही लोक बाहेर पडले. पण झाडांना मिठी मारायची पाळी येण्याआधी त्यांच्याखालून चार फेरे मारलेले बरे. ज्या वाटेने गाव रोज चालतं, तिथे कुऱ्हाड घेऊन यायला ठेकेदाराला जरा लाज वाटते.

म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी आहे. कोणत्याही गावाचा विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी त्याला एक तक्ता जोडावा. नदी-नाल्याच्या काठावर कोणती झाडं आहेत, किती आहेत आणि काम झाल्यावर किती उरतील. वर एक पाटी लावावी, 'फेरा अमुक किलोमीटर, वेळ इतकी मिनिटं, वाहनांना बंदी'. पाचोळा झाडू नये. आणि वाट दाखवायला तांड्यावरचाच एखादा जाणता माणूस नेमून त्याला वेळच्या वेळी पगार द्यावा.

१ मेला गावोगावी ग्रामसभा असते. भर उन्हाळ्यात, म्हणजे मुद्दा समजावून सांगायला हवा अगदी अनुकूल. तुम्ही उठून एवढंच विचारा, "अध्यक्षमहाराज, नाल्याकाठची झाडं कोणत्या खात्यावर जमा आहेत?" उत्तर मिळणार नाही. मग म्हणा, चला, मोजून येऊ, आणि सगळी सभा सावलीतून एकदा फिरवून आणा.