नाळ दगडानं तोडली, आणि आपण टाळ्या वाजवल्या

आठ मार्चला घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात आमचा महिला मेळावा होता. पाहुण्या वक्त्यांनी विठाबाई नारायणगावकरांची 'ती' गोष्ट सांगितली. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या, तशा मागे जाऊन बाळंत झाल्या. दगडानं नाळ तोडली, लुगडं कसलं आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या. "याला म्हणतात स्त्रीशक्ती!" मांडव टाळ्यांनी दणाणला. मीही टाळ्या वाजवल्या.

शेजारी बसलेल्या बाईचे हात मात्र मांडीवरच होते. दरसाल कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी ती. हळूच म्हणाली, "ताई, माझं बी उसाच्या फडात असंच झालं. टाळ्या कुणी नाय वाजवल्या. मुकादमानं खाडा धरला."

मैत्रिणींनो, तेव्हापासून त्या टाळ्या मला टोचत आहेत.

मंचावरच्या प्रत्येक मोठ्या कलावंताची एक दंतकथा बनते. अमेरिकेतल्या जिमी हेंड्रिक्सनं १९६७ साली मॉन्टेरीच्या महोत्सवात भर कार्यक्रमात आपली गिटार पेटवली. त्याचे चाहते आजही ते सांगतात. पण ते त्यानं स्वतः ठरवून केलं होतं. शिवाय तो गिटार कशी वाजवायचा, याचाही अभ्यास होतोच. आमच्या विठाबाईंची दंतकथा कशाची? तिच्या गळ्याची नाही, अदाकारीची नाही. बाळंतपणाची रजा नसण्याची! जी गोष्ट तिनं निवडली नाही, ती तिची थोरवी ठरली.

विठाबाई भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या घराण्यातल्या. वडील आणि चुलत्यांच्या फडात लहानपणापासून उभ्या राहिल्या, पुढे स्वतःचा फड चालवला. १९६२ च्या युद्धात सीमेवरच्या जवानांपुढे कला सादर केली. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. त्यांच्या नाचगाण्याबद्दल आपल्यापैकी कितीजणी चार वाक्यं बोलू शकतील? नाळेची गोष्ट मात्र तोंडपाठ.

त्या रात्री अखेर प्रेक्षकांनीच हात जोडून त्यांना थांबवलं, असं सांगतात. म्हणजे तिकीट काढून आलेल्या परक्या माणसांना जे कळलं, ते बघण्याची जबाबदारी एरवी कुणावरच नव्हती.

आपल्या भाषेला हे नातं केव्हाच कळलंय. तमाशाचाही फड आणि उसाचाही फड. दोन्हीकडे हंगामाआधी 'उचल' घेतात आणि ती फिटेपर्यंत अंग राबवतात. दोन्हीकडे बहुतांश दलित, भटक्या आणि भूमिहीन घरांतल्या बाया. म्हणूनच त्यांच्या हालांना 'जिद्द' म्हणणं आपल्याला इतकं सोपं जातं. वक्त्यांच्या स्वतःच्या लेकीवर ही वेळ आली असती, तर त्यांनी टाळ्या मागितल्या असत्या का?

काहीजणी म्हणतील, पण ती हिंमत नव्हे का? होती, आणि ती नाकारण्याचा मला अधिकार नाही. पण हिंमतीला हार घालताना ती कुणामुळे दाखवावी लागली, हे न विचारणं म्हणजे शोषणाचीच आरती ओवाळणं.

प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये बारा आठवड्यांची पगारी रजा सव्वीस झाली. पण ती कचेरीतल्या माझ्यासारखीला. मोठ्या फडात शंभरावर माणसं राबतात, पण तिथल्या नाचणारणीपर्यंत ती रजा पोचत नाही. उसाच्या फडात तर बाईची मजूर म्हणून नोंदच नाही. नवराबायको मिळून 'एक कोयता', आणि पैसा नवऱ्याच्या हातात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, समितीही नेमली गेली. खाडा चुकवायला पिशवीच काढायची! नाळ तोडणारा तो दगड अजून आपल्याच जिल्ह्यात पडलाय.

विठाबाई २००२ मध्ये गेल्या. शेवटच्या आजारपणात दवाखान्याचं बिल भागवायला लोकांच्या देणग्या लागल्या. २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार जरूर द्यावा. पण जिवंतपणी औषधपाणी आणि मेल्यावर मानपत्र, यातलं आधी काय हवं, हे कुठल्याही कलावंतिणीला विचारा.

म्हणून आपल्या गटांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, प्रत्येक कोयत्यामागे बाईची वेगळी नोंद आणि तिच्या हाती तिची मजुरी. बाळंतपणात खाडा नाही, उचलीचा तगादा नाही. आणि हेच तमाशाच्या फडालाही लागू. दोन, यापुढे विठाबाईंची गोष्ट सांगाल तेव्हा आधी त्यांच्या कलेबद्दल सांगा. मग नाळेचं सांगा, आणि सांगून झाल्यावर टाळ्या थांबवा.

शेजारच्या बाईचे हात का हलले नाहीत, ते तिलाच बोलायला सांगा.