वैद्यकीय नोंदीतील चूक : दुरुस्तीचा हक्क आला, पण अर्धाच

बंगळुरू : डिस्चार्ज समरीच्या पहिल्याच पानावर पूर्वेतिहासाच्या दोन-तीन ओळी असतात. घरी जाण्याच्या घाईत रुग्ण त्या वाचत नाही. औषधे किती दिवस घ्यायची आणि पुन्हा कधी दाखवायचे, एवढेच तो पाहतो. विमा कंपनीचा तपासनीस मात्र वाचायला सुरुवात तिथूनच करतो. ‘मधुमेह, दोन वर्षे’ याऐवजी ‘बारा वर्षे’ असे टंकले गेले असेल, तर पॉलिसी घेताना आजार दडवल्याचा आरोप होऊन दावा फेटाळला जाऊ शकतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल ३६ महिन्यांवर आणला आणि सलग ६० महिने चाललेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, आक्षेप घेण्यास बंदी केली. हा दिलासा खरा आहे. मात्र त्याचा सगळा हिशेब वर्षे आणि महिने यांवर बेतलेला असल्याने केस पेपरवरील एका आकड्याचे वजन उलट वाढले आहे.

बंगळुरूत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. निमहान्ससारखी राष्ट्रीय महत्त्वाची संस्था येथे आहे. मणिपाल आणि नारायणा या मोठ्या रुग्णालय समूहांची मुख्यालये येथेच आहेत. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रातून उपचारांसाठी येणाऱ्यांत मराठी भाषकही असतात. रुग्ण आपली हकिकत मराठीत किंवा जेमतेम हिंदीत सांगतो, ऐकणाऱ्या निवासी डॉक्टरची भाषा कन्नड, तेलुगू किंवा मल्याळम असते आणि नोंद होते ती इंग्रजीत. ‘वडिलांना दमा होता’ हे वाक्य या तीन भाषांच्या प्रवासात रुग्णाच्याच नावावर चढू शकते. कागदी केस पेपरच्या काळात अशी चूक एका फायलीत पडून राहत असे. संगणकीय प्रणालीत आधीच्या भेटीचा मजकूर पुढच्या भेटीत उचलला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ती चूक ठाम वस्तुस्थिती बनून समोर येते.

नोंदींची प्रत मिळवणे हा हक्क जुना आहे. रुग्णाची कागदपत्रे रुग्णापासूनच गुप्त ठेवता येणार नाहीत, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच घेतली होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी आल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. प्रत हाती आल्यावर तिच्यात चूक आढळली तर काय करायचे, याविषयी हे नियम काही सांगत नाहीत.

उत्तर अन्यत्र विखुरलेले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये आलेल्या नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहिती ठरल्या आणि चुकीची माहिती शक्य तितकी दुरुस्त करण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्या कंपन्यांवर आली. सरकारी रुग्णालये मात्र या नियमांच्या कक्षेबाहेर राहिली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद मानकांनी अधिक स्पष्ट वाट आखली : रुग्णालयातून घरी सोडल्यापासून, किंवा बाह्यरुग्ण असल्यास तपासणीच्या दिवसापासून, ३० दिवसांत रुग्णाने नोंदीतील चूक दुरुस्त करण्याची लेखी विनंती करावी आणि प्रत्येक बदलाचा माग प्रणालीत राहावा. ही मानके मार्गदर्शक स्वरूपाची आहेत. शिवाय ३० दिवसांची मुदत फारच तोकडी आहे, कारण बहुतेकांना चूक कळते ती दावा नाकारल्याचे पत्र आल्यावर.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने या चित्रात पहिल्यांदाच दंडाचा धाक आणला. या कायद्याचे मूळही बंगळुरूतच शोधावे लागते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली आणि तिच्यातूनच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्या. पुट्टस्वामी ऑक्टोबर २०२४ मध्ये निवर्तले, तेव्हा कायदा संमत होऊनही अमलात आलेला नव्हता. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातही व्यक्तीच्या हक्कांची कलमे लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. त्यामुळे दुरुस्तीचा हक्क प्रत्यक्षात येईल तो मे २०२७ मध्ये. तोवर २०११ च्या नियमांवरच भिस्त आहे.

कलम १२ नुसार चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती दुरुस्त करणे, अपुरी माहिती पूर्ण करणे आणि जुनी माहिती अद्ययावत करणे बंधनकारक होईल. तक्रारीचे निवारण कमाल ९० दिवसांत करायचे आहे. परंतु कलमाची शब्दरचना बारकाईने वाचली, तर एक मोठी पळवाट दिसते. हा हक्क केवळ संमतीने दिलेल्या किंवा स्वेच्छेने पुरवलेल्या माहितीपुरता आहे. जिवावर बेतलेल्या प्रसंगी उपचारांसाठी, तसेच नोकरीशी संबंधित कारणांसाठी, संमतीविना माहिती वापरण्याची मुभा कायदा स्वतंत्रपणे देतो, आणि ती माहिती कलम १२ मध्ये बसत नाही. म्हणजे अपघातानंतर बेशुद्धावस्थेत दाखल झालेल्या रुग्णाची नोंद, जिथे ऐकीव माहितीमुळे चुकीची शक्यता सर्वाधिक, तीच हक्काच्या बाहेर राहू शकते. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या या शहरात कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीचे अहवाल आणि गटविम्याची कागदपत्रे यांविषयीही हाच पेच उभा राहील.

पूर्ण दार मात्र बंद नाही. ज्या माहितीवरून व्यक्तीविषयी निर्णय होणार आहे किंवा जी दुसऱ्या संस्थेला दिली जाणार आहे, ती अचूक आणि पूर्ण असल्याची खात्री करण्याचे बंधन कलम ८ घालते. तिथे संमतीची अट नाही. रुग्णालयाकडून विमा कंपनीकडे जाणारी समरी याच वर्णनाची आहे. त्यामुळे कलम १२ चा हक्क नसलेल्या रुग्णालाही कलम ८ च्या भंगाची तक्रार करता यावी, असा युक्तिवाद उभा राहू शकतो; डेटा संरक्षण मंडळ तो मान्य करते का, हे पहिल्या काही प्रकरणांत ठरेल. मंडळ दंड करू शकते, पण तो सरकारी तिजोरीत जमा होईल. रुग्णाला भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाचीच पायरी चढावी लागेल.

दुरुस्ती म्हणजे नेमके काय, यावर डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात खरी कुरबूर होते. रुग्णाला चुकीची ओळ पुसून हवी असते. डॉक्टर पुसायला धजावत नाही, कारण तक्रारीनंतर झालेली खाडाखोड न्यायालयात संशयास्पद ठरते. या मुद्द्यावर डॉक्टरांची बाजू योग्य वाटते. आधीचे निदान चुकीचे होते म्हणून ते नाहीसे केले, तर त्या काळात दिलेल्या औषधांचे कारणच नोंदीतून हरवते आणि निष्काळजीपणाचा पुरावाही त्याबरोबर जातो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने हा तिढा सोडवलेला आहे : मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची आणि तारीख घालायची. संगणकीय नोंदीतही पुरवणी टीप जोडून हेच साधता येते.

रक्तगट, वय, उजवा-डावा पाय, आजाराचा कालावधी अशा तथ्यांबाबत हे पुरेसे आहे. कोविन पोर्टलने जून २०२१ मध्ये नाव, जन्मवर्ष व लिंग यांची आणि जानेवारी २०२२ मध्ये चुकून चढलेल्या लसमात्रेची दुरुस्ती सुरू केली, ती अशाच तथ्यांची होती. अभिप्रायाचे काय? ‘रुग्ण सहकार्य करत नाही’, ‘मद्यपानाचा संशय’ किंवा एखादे मानसिक विकाराचे तात्पुरते निदान, ही डॉक्टरची मते आहेत. ती चुकीची आहेत हे सिद्ध कसे करायचे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम २५ रुग्णाला नोंदी पाहण्याचा हक्क देते आणि माहिती रोखल्यास मंडळाकडे जाण्याची वाटही ठेवते. दुरुस्तीबाबत ते कलम मूक आहे. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज मानसिक आजार ठरवता येणार नाही, असे हाच कायदा सांगतो. नोकरी देणारा किंवा घटस्फोटाच्या खटल्यातील प्रतिपक्ष जुन्या कागदावरील एका शब्दाचा वापर करतो, तेव्हा या तरतुदीचा आधार घ्यावा लागतो.

अमेरिकेच्या आरोग्य माहिती नियमांत यावर साधा तोडगा आहे. दुरुस्तीच्या विनंतीवर ६० दिवसांत निर्णय, नकार असल्यास लेखी कारण आणि तरीही पटले नाही तर रुग्णाचे असहमतीचे निवेदन नोंदीला कायमचे जोडणे. पुढे ती नोंद जिथे जाईल, तिथे हे निवेदनही जाते. डॉक्टरचे मत कायम राहते आणि रुग्णाचे म्हणणेही नोंदीत येते. आपल्या २०२३ च्या कायद्यात नेमकी हीच तरतूद नाही. माहिती चूक की बरोबर, एवढेच दोन खण त्यात आहेत.

सध्या बंगळुरूतील रुग्णाच्या हाती आहे ते एवढे : रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागाकडे शक्यतो ३० दिवसांच्या आत लेखी अर्ज, चुकीची नेमकी ओळ आणि तिच्याविरुद्धचा जुना कागद, अर्जाची पोच आणि तारीख-सहीसह सुधारित समरी. ती विमा कंपनीला स्वतः पाठवावी लागते. आभा क्रमांकाशी जोडलेल्या नोंदीत बदल झाला का, हेही पाहावे लागते. खासगी रुग्णालयाने दाद दिली नाही तर कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालील, उपायुक्तांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा तक्रार निवारण प्राधिकरण आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे आचारनियम आणले होते. तीन वर्षांत सर्व नोंदी डिजिटल करण्याचे बंधन त्यांत होते. महिना संपण्याआधीच ते स्थगित झाले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. आयोग नवा मसुदा मांडेल, तेव्हा असहमतीच्या निवेदनाचे एक कलम त्यात बसवता येण्याजोगे आहे. त्यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही.