मिनेट यांचे कागद

श्रीलंकेतल्या कँडीत १९१८ साली जन्मलेल्या मिनेट डी सिल्वा वास्तुकला शिकायला मुंबईत आल्या. गांधीजींच्या सुटकेसाठी भरलेल्या सभेला गेल्या म्हणून १९४२ साली, त्या शिकत असलेल्या सरकारी वास्तुकला विद्यालयातून त्यांना काढून टाकलं. माफीपत्र लिहून द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. पुढे १९४६मध्ये लेखक मुल्कराज आनंद यांच्यासोबत मुंबईतून ‘मार्ग’ हे कलाविषयक नियतकालिक सुरू करणाऱ्यांत त्या आणि त्यांची बहीण अनिल, दोघीही होत्या. यंदाचा वास्तू-विशेषांक काढताना त्यांची आठवण आम्हाला म्हणूनच जवळची वाटली.

१९४८ साली त्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या पहिल्या आशियाई स्त्री सदस्य झाल्या आणि कँडीला परतल्या. तिथल्या डोंगरउतारावर १९५१मध्ये करुणारत्ने कुटुंबाचं घर उभं राहिलं. काँक्रीट आणि काचेच्या विटा होत्याच. पण दारांत दुंबरा खोऱ्यातल्या विणकरांच्या चटया, भिंतीवर स्थानिक भट्टीतल्या नक्षीदार मातीच्या फरशा आणि जिन्याच्या कठड्याला लाखकामही होतं. गावातल्या कारागिरांना आधुनिक घरात काम मिळालं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. कँडीजवळच्या वटपुलुवाच्या वसाहतीत तर त्यांनी तिथे राहायला येणाऱ्या सरकारी नोकरांना आधी प्रश्नावली दिली: घरात माणसं किती, राहण्याच्या सवयी काय, खर्च किती झेपेल? नकाशे त्यानंतर. सिंहली, तमिळ, मुस्लिम कुटुंबं तिथे शेजारी-शेजारी राहायला आली.

इतक्या मोठ्या कामाचे कागद मात्र फार थोडे उरले. बऱ्याच इमारतीही गेल्या किंवा ओळखू येईनाशा झाल्या. उतारवयात मिनेट यांनी हाताशी असलेली पत्रं, छायाचित्रं, कात्रणं, रेखाटनं जमवून आत्मचरित्र रचलं. ते १९९८ साली निघालं, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी. आज त्यांच्याविषयी लिहिणारा प्रत्येकजण त्या पुस्तकापाशी येतो, कारण दुसरं फारसं काही नाहीच.

याउलट त्यांच्याच देशातले जेफ्री बावा. ते वास्तुकार झाले १९५७ साली, करुणारत्नेंचं घर बांधून झाल्यावर सहा वर्षांनी. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. पण त्यांचे नकाशे विश्वस्त संस्थेने जपले, २०२२मध्ये कोलंबोत त्यांचं प्रदर्शन भरलं, अभ्यासकांना हवं ते हाताशी मिळालं. श्रीलंकेच्या आधुनिक वास्तुकलेचं नाव निघताच आधी बावा आठवतात, यात या जपणुकीचाही वाटा आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? सोलापूर, कोल्हापूर, अकोल्याच्या शाळा, नाट्यगृहं, सहकारी बँका स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ज्यांनी आखल्या, त्यांतल्या कितीजणांची नावं आपल्याला सांगता येतील? त्यांच्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या कुठल्या तरी माळ्यावर असतील, नाहीतर रद्दीत गेल्या असतील. दिवाळीच्या साफसफाईत अशी एखादी गुंडाळी हाती लागली, तर टाकू नका. ती कोरड्या जागी ठेवा, वर इमारतीचं नाव आणि गाव लिहा आणि जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाला कळवा. आम्हालाही कळवा, पुढच्या अंकात अशा नकाशांसाठी पानं राखून ठेवली आहेत.