कार्डाची मागची बाजू

पिट्सबर्गला आले तेव्हा मला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण बेसबॉल कार्डाची मागची बाजू पहिल्यांदा हातात आली तेव्हाच वाचता आली. शेजारच्या गल्लीत एका कुटुंबाने घर रिकामं करताना जुनं सामान अंगणात विकायला मांडलं होतं. त्यात कार्डांनी भरलेला बुटांचा एक खोका होता. पुढे खेळाडूचा फोटो, मागे करड्या पुठ्ठ्यावर बारीक टायपात तक्ता : वर्ष, संघ, सामने, हिट, होम रन, सरासरी. सोबत उंची, वजन, जन्मगाव, उजव्या हाताने खेळतो की डाव्या. आमचे बाबा बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत ऐकत दोनशेपानी वहीत धावफलक उतरवून घ्यायचे. रकान्यातले आकडे बघून माणूस ओळखायची सवय मला त्या वह्यांनी लावली. खोका मी तिथल्या तिथे घेतला.

कार्डाला हे रूप दिलं टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी. ब्रुकलिनमधल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी १९५२ चा संच आखला. हेतू साधा, बबल गम खपवायचा. त्या वर्षीच्या संचातली शेवटच्या नंबरांची कार्डं उशिरा बाजारात आली. तोवर मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला आणि १९६० मध्ये बर्गर यांनी उरलेली खोकी बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवली. त्यात ३११ नंबरचं मिकी मँटलचं कार्ड होतं. त्याचीच एक कोरी करकरीत प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपयांना.

ती बातमी आल्यावर ओळखीच्या प्रत्येकाने मला फोन केला. तुझ्याकडे आहे का तसं एखादं? नाही. मला मात्र ३११ पेक्षा ३१२ बद्दल बोलायचं असतं. मँटलच्या लगेच पुढचा नंबर जॅकी रॉबिन्सनचा आहे. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून ज्याने आधुनिक काळात पहिल्यांदा मोठ्या लीगमधली वर्णाची भिंत पाडली, तो रॉबिन्सन. बाजाराने दोघांच्या किमतीत कितीही अंतर ठेवलं तरी संचात ते शेजारी शेजारी आहेत, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कितीतरी बसमध्ये १९५२ मध्ये गोरा मँटल आणि काळा रॉबिन्सन यांना शेजारी बसता आलं नसतं. एवढ्याशा पुठ्ठ्यात मला हा देश असा भेटला.

माझ्या खोक्यातलं लाडकं कार्ड मार्क फिड्रिचचं, १९७७ चं, नंबर २६५. डेट्रॉइट टायगर्सचा हा कुरळ्या केसांचा पिचर चेंडूशी बोलायचा. खरोखर बोलायचा, चेंडू समोर धरून. डाव सुरू होण्याआधी गुडघ्यांवर बसून पिचरच्या उंचवट्यावरची माती हाताने सारखी करायचा. १९७६ हा त्याचा पहिलाच हंगाम. १९ सामने जिंकले, ९ हरले. प्रतिस्पर्ध्यांना नऊ डावांमागे सरासरी २.३४ धावा दिल्या, लीगमध्ये सर्वांत कमी. त्याचा सामना असला की स्टेडियम ओसंडायचं.

माझ्या प्रतीवर गमच्या वडीचा तेलकट चौकोनी डाग पडलाय. पाकिटात गुलाबी वडी कार्डाला चिकटून बसायची, तिची ही खूण. तो डाग ओलांडून मी मागचा तक्ता वाचते. मोठ्या लीगमधला एकच हंगाम, १९ विजय. कार्ड पाकिटात गेल्यावर पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे : १९७७ च्या वसंतातल्या सरावात गुडघा गेला, मग खांदा. उरलेल्या चार हंगामांत मिळून फक्त १० विजय. पुढे तो मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या गावी शेतीकडे वळला आणि आनंदात राहिला, असं त्याच्याबद्दल सगळेच सांगतात. कार्डावरच्या त्या पोराला यातलं काहीच माहीत नाही. त्याला थांबवून सांगावंसं वाटतं, की बाबा रे, सरावात जरा जपून.

आणि मग रॉबर्टो क्लेमेंटे. पिट्सबर्गमध्ये राहून त्याला टाळता येत नाही. पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाच्या मैदानाकडे जाणाऱ्या पुलाला त्याचं नाव आहे. मैदानातली उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याच्या पाठीवरचा नंबर २१. पोर्टो रिकोतल्या कॅरोलिनाचा हा मुलगा १९५५ मध्ये इथे आला. वर्तमानपत्रवाले त्याचं बोलणं मुद्दाम तोडक्यामोडक्या स्पेलिंगमध्ये छापायचे. टॉप्सने पहिली दोन वर्षं त्याचं नाव नीट छापलं आणि १९५७ पासून १९६९ पर्यंत कार्डावर त्याला ‘बॉब’ करून टाकलं. त्याने स्वतः कधी हे नाव मानलं नाही. माझ्याकडे १९६९ चं कार्ड आहे. वरच्या कोपऱ्यात रंगीत गोल आणि त्यात ‘बॉब क्लेमेंटे’. कोपरे गोल झालेत, मधून एक घडी गेलीय. कुणीतरी ते वर्षानुवर्षं खिशात बाळगलेलं दिसतं. माझंही नाव इथे पहिल्याच नोकरीत लोकांनी आपल्या सोयीने दोन अक्षरांचं केलं. पुढे मी ते पूर्ण म्हणायला लावलं, ते हे कार्ड हातात आल्यानंतर.

त्याच्या जोडीला १९७३ चं कार्ड ठेवलंय. नंबर दोन्हींचा ५०. ३० सप्टेंबर १९७२ ला क्लेमेंटेने तीन हजारावा हिट मारला. २३ डिसेंबरला निकाराग्वातलं मानाग्वा शहर भूकंपाने जमीनदोस्त झालं. त्याने घरोघर फिरून मदत जमवली. पाठवलेलं सामान तिथले सैनिकच लुबाडतात असं कानावर आलं, तेव्हा तो म्हणाला, मीच घेऊन जातो. ३१ डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून उडालेलं ते जुनं, वाजवीपेक्षा जास्त लादलेलं विमान काही मिनिटांत समुद्रात कोसळलं. तो ३८ वर्षांचा होता. मृतदेह सापडला नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने खेळाडूला मान देण्याआधी पाच वर्षं थांबण्याचा आपला नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला.

कार्ड त्यानंतर आलं. मागच्या तक्त्यात अठरा हंगाम आणि हिटच्या रकान्याखाली बेरीज : ३०००. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्याच सामन्यात ३००१ झाले असते. या बेरजेवर माझं बोट दरवेळी थांबतं.

सध्या शोध आहे तो १९७१ च्या कार्डाचा. त्या संचाच्या कडा काळ्या आहेत. शाई चटकन उडते, आतला पांढरा पुठ्ठा दिसायला लागतो, म्हणून धड कडांचं कार्ड महाग. त्याच वर्षी पायरेट्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. क्लेमेंटे सातही सामन्यांत खेळला, मालिकेतला सर्वोत्तम ठरला, आणि टीव्हीचा माइक समोर आल्यावर आधी स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांशी बोलला. त्या कार्डावर नाव रॉबर्टो आहे. कडा झिजलेल्या असल्या तरी मला चालेल. पुढच्या महिन्यात शहराबाहेर कार्डांचा बाजार भरतोय. नंबर ६३०, मी वहीत लिहून ठेवलाय.