जुन्या जीपगाडीस मोडींतील सुपरचार्जर : घरीं बसवावा कीं न बसवावा?

आमच्या रावेर तालुक्यांत जुनी गाडी सहजासहजीं मोडींत जात नाहीं. बैल म्हातारा झाला तरी त्यास दावणीस ठेवण्याची ज्यांची रीत, त्यांच्या हातून चालत्या इंजिनाची जीपगाडी भंगाराच्या भावानें जाणें कठीणच. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विकून टाकलेल्या विलीस जीपगाड्या, व त्याच नमुन्याच्या, १९४७ पासून मुंबईस महिंद्रांनीं जोडलेल्या गाड्या, यांपैकीं एखादी अद्यापि कोणाच्या पडवींत ताडपत्रीखालीं सांपडते. अशा गाडीस मोटारींच्या मोडींतून आणलेला सुपरचार्जर घरच्याच शेडमध्यें बसवावा, ही कल्पना तरुण मंडळींच्या बोलण्यांत येऊं लागली आहे. ज्या दिल्लीस आमचीं केळीं जातात तेथील मायापुरीच्या बाजारांत, किंवा मुंबईस कुर्ल्यास, असा जिन्नस शोधणारास मिळूं शकतो. वडील मंडळी यास पोरखेळ म्हणून झिडकारतात. मुलें त्यास जादू समजतात. आमच्या मतें दोघांचेंहि चुकतें. काम करण्यासारखें आहे. परंतु तें कोणत्या गाडीवर, कशासाठीं, व कोणता हिशेब आधीं मांडून करावयाचें, हें ठरविल्यावांचून हात घालणारा मनुष्य पैसा आणि इंजिन दोन्ही गमावील.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या दारीं बसविलेला लोहाराचा भाता. इंजिन जेवढी हवा ओढतें तेवढ्याच मानानें पेट्रोल त्यांत जळतें. पिस्टन खालीं जातांना बाहेरची हवा आपोआप आंत शिरते. तीच हवा जबरीनें अधिक कोंबली व त्या बेतानें पेट्रोलहि वाढविलें, तर त्याच सिलिंडरांतून अधिक शक्ति निघते. हा भाता इंजिनाच्याच पुलीवरून पट्ट्यानें फिरतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा टर्बोचार्जर हा त्याचा चुलतभाऊ. त्याचें मूळ स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटांत आहे. येथें विचार करावयाचा तो मुख्यतः पट्ट्यावरच्या भात्याचा.

गंमत अशी कीं, हा भाता मोटारीसाठीं जन्मलाच नाहीं. अमेरिकेंत इंडियाना संस्थानांतील कॉनर्सव्हिल गांवीं रूट्स बंधूंची लोकरीची गिरणी होती. तिचें पाणचक्र सुधारण्याच्या खटपटींतून, एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पाळ्यांचें यंत्र निघालें व १८६० सालीं त्याचें पेटंट झालें. लोखंडाच्या भट्ट्यांना व खाणींना हवा पुरविण्याकडे त्याचा उपयोग होऊं लागला. पुढें १९३८ पासून जनरल मोटर्सनें आपल्या दोन स्ट्रोकांच्या डिझेल इंजिनांवर, सिलिंडरांतील धूर हुसकून ताजी हवा भरण्यासाठीं, याच जातीचा भाता बसविला. महायुद्धानंतर अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं मोडींत आलेल्या ट्रकांवरचे व बसगाड्यांवरचे हे भाते उतरवून आपल्या जुन्या मोटारींवर चढविले. तेव्हां ही विद्या कांहीं आजची नव्हे, आणि तिचें घराणें शेडांतलेंच आहे.

आतां जुनी पेट्रोल जीपगाडी या कामास अनुकूल कां, तें पाहूं. हलक्या पेट्रोलावरहि चालावें म्हणून तिच्या इंजिनाचें दाबाचें प्रमाण कमी, म्हणजे साडेसहास एक असें, ठेविलेलें होतें. आजच्या साध्या पेट्रोल मोटारींत तें बहुधा नऊ ते अकरा असतें. पेट्रोल सुधारलें, इंजिन तेथेंच राहिलें. मध्यें थोडी जागा उरली. त्या जागेंत दर चौरस इंचास ६ पौंडांचा जादा दाब घातला, तर साडेसहाचें प्रमाण ढोबळ हिशेबानें नवाच्या घरांत येतें. आमच्या मतें घरगुती कामाची मर्यादा येथेंच असावी. या इंजिनाचा क्रँक अवघ्या तीन मुख्य बेअरिंगांवर तोललेला आहे, आणि त्याच्या व्हॉल्व बाजूस असल्यामुळें ज्वलनाची जागा लांबट आहे. अशा जागेंत ठोका लवकर सुरू होतो, हें विसरून चालणार नाहीं.

परंतु पुस्तकांतला लाभ आणि खानदेशच्या वैशाखांतला लाभ एक नव्हे. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड हातास चटका देतें, हें कोणास सांगावयास नको. हवा दाबली कीं तापते. ४५ अंशांची हवा ६ पौंडांच्या दाबानें या भात्यांतून निघाली, तर ती १०० अंशांच्या आसपास पोहोंचते. पेट्रोलाच्या बाष्पीभवनानें उतरेल तेवढीच उतरेल. तापलेली हवा विरळ असते. म्हणून दाब ४० टक्के वाढला तरी इंजिनांत प्रत्यक्ष जाणारी हवा अठरा-एकोणीस टक्क्यांनींच वाढते. शिवाय भाता फुकट फिरत नाहीं. मिनिटास ३००० फेऱ्यांवर चार-पांच अश्वशक्ति त्यालाच लागतात. सर्व वजा जातां, साठ अश्वशक्तीच्या या इंजिनापासून आठ ते दहा अश्वशक्ति अधिक मिळाव्या, असा आमचा अंदाज आहे. विमानांना उंचावरील विरळ हवेंत भाता लागे. आपल्या तालुक्याचा सपाट भाग समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आंत आहे. आपल्याला उंचीचें दुखणें नाहीं, उन्हाचें आहे. आणि त्या दुखण्यावर भाता हा अर्धाच उपाय होय.

या आठ-दहा अश्वशक्ति ऐकून ज्यांचे डोळे चमकले असतील त्यांनीं एक गोष्ट आधीं तपासावी. झिजलेल्या इंजिनानें तेवढीच शक्ति कदाचित् अगोदरच गमावलेली असते. गरम इंजिनाचे सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, स्टार्टरानें फिरवीत प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजावा. नव्या स्थितींत या जीपच्या इंजिनास सुमारें ११० पौंड दाब येतो, व चार सिलिंडरांत दहा पौंडांहून अधिक अंतर नसावें. ज्याचा कांटा ऐंशीच्या पुढें सरकत नाहीं, त्यानें सुपरचार्जराचें नांव काढूं नये. प्लगाच्या भोंकांतून चमचाभर ऑईल सोडून पुन्हां मोजावें. कांटा वर चढला तर रिंगा व सिलिंडर झिजले. न चढला तर व्हॉल्व नीट बसत नाहींत, किंवा हेडाची गॅस्केट गेली. रिंगा, व्हॉल्व, हवेची स्वच्छ चाळणी आणि बरोबर लाविलेलें टायमिंग, एवढ्यानें पुष्कळदां हवी ती शक्ति परत येते, व तिला कोणाची परवानगी लागत नाहीं. नळ्या ठिकठिकाणीं फुटल्या असतां विहिरीवर मोठा पंप बसविणारा शेतकरी आपल्यांत कोणी नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र तोच मनुष्य नेमकें तेंच करतो. झिजलेल्या इंजिनावर भाता चढविला म्हणजे वाढलेला दाब रिंगांवरून खालीं चेंबरांत उतरतो, ऑईल सीलांवाटे बाहेर फेकलें जातें, आणि निळा धूर निघूं लागतो.

इंजिन या परीक्षेंत उतरलें असें समजूं. मग भाता कोणता घ्यावयाचा? दिसावयास भारी तो चांगला, असें नव्हे. जपानी ६६० सी. सी. च्या छोट्या मोटारींवरचा भाता एका फेरींत अर्धा लिटर हवा देतो, आपल्या २.२ लिटर इंजिनास तो पुरा पडावयाचा तर त्यास फार वेगानें फिरवावें लागेल, आणि तो हवा देण्यापेक्षां तापवील अधिक. २००० नंतरच्या दशकांत आपल्याकडे मर्सिडीजच्या ज्या ‘कॉम्प्रेसर’ नांवाच्या मोटारी विकल्या गेल्या, त्यांपैकीं कांहींवर ईटन कंपनीचा ४५ घनइंचांचा, म्हणजे फेरीस सुमारें पाऊण लिटर देणारा भाता असे. हिशेब असा कीं, २.२ लिटरचें इंजिन दोन फेऱ्यांत एकदां पोट भरतें. ३००० फेऱ्यांवर तें मिनिटास ३३०० लिटर झालें. त्यास अठरा टक्के अधिक धरून पाऊण लिटरनें भागिलें, तर भात्यास ५२०० फेऱ्या लागतात. म्हणजे क्रँकाची पुली भात्याच्या पुलीच्या पावणेदोन ते दोन पट असावी. घेतांना भाता हातानें फिरवून पाहावा. पाळ्या एकमेकींस किंवा घरास घासतां कामा नयेत, खालीं-वर हालतां कामा नयेत, आणि पुढच्या नळींतील त्याचें स्वतःचें ऑईल काळें किंवा धातूच्या कणांनीं चमकणारें नसावें. ज्याच्या पाळ्या खरवडल्या आहेत तो भाता वजनानें द्यावयास काढला तरी घेऊं नये.

कार्बुरेटर भात्याच्या आधीं ठेवणें हा जुना मार्ग सोपा आहे. तो भात्याच्या पुढें ठेविला तर जीपचा मूळ पेट्रोलपंप, ज्याचा दाब चार पौंडांच्या आसपास, सहा पौंडांच्या विरुद्ध पेट्रोल ढकलूं शकत नाहीं, आणि ऐन चढावर इंजिन उपाशी पडतें. आधीं ठेविला तर भात्याच्या पोटांत पेट्रोलमिश्रित हवा भरलेली असते. इंजिनानें उलट भडका मारला कीं ती पेटते. म्हणून दाब वाढतांच उघडणारी स्प्रिंगची झडप बसविल्याशिवाय असें इंजिन एकदांहि सुरू करूं नये, व आगीची बाटली हाताशीं असावी. टायमिंग थोडें मागें घ्यावें आणि प्लग थंड जातीचे घालावे.

येथें इथेनॉलाचा विचार विशेष महत्त्वाचा आहे. २०२५ पासून देशांत मिळणाऱ्या पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें. त्यामुळें ठोका टाळण्यास मदत होते, हें खरें. परंतु तेवढ्याच हवेस असें पेट्रोल सात-आठ टक्के अधिक लागतें. जुन्या कार्बुरेटराची जेट तशीच ठेविली तर मिश्रण पातळ होतें. साध्या इंजिनांत त्यानें नुसती गाडी अडखळते. दाबाखालच्या इंजिनांत पिस्टनास भोंक पडतें. जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा यांनाहि इथेनॉल मानवत नाहीं, ते आधीं बदलावे.

हें झालें हौसेच्या पेट्रोल जीपविषयीं. ट्रॅक्टराविषयीं व डिझेलच्या मालगाडीविषयीं आमचें मत अगदीं निराळें आहे, व तें स्पष्ट सांगितलें पाहिजे : त्यांच्या वाटेस जाऊं नये. डिझेल इंजिनांत हवा मुळांतच गरजेपेक्षां अधिक असते. नुसती हवा वाढविल्यानें धूर कमी दिसेल, ओढ वाढणार नाहीं. मग कोणी तरी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवितो, आणि ती सारी उष्णता पिस्टनाच्या माथ्यावर येते. कारखान्यांतूनच टर्बो घेऊन निघालेल्या इंजिनांत पिस्टन, रिंगा आणि ऑईलानें थंडावा देण्याची सोय त्या बेतानें केलेली असते. बाहेरून दोन्ही इंजिनें सारखीं दिसलीं तरी आंतून तीं सारखीं नसतात. क्लच आणि गिअरांवरहि वाढीव भार येतो तो वेगळाच. केळीचा घड एकदां झाडावरून उतरला कीं परत चढत नाहीं. कापणीच्या दिवशीं, ट्रक रस्त्यावर उभा आणि मजूर बांधावर बसलेले असतां, ट्रॅक्टर जागच्या जागीं अडकून पडला, तर त्या एका दिवसाचें नुकसान दहा अश्वशक्तींच्या वर्षभराच्या लाभानें भरून निघणार नाहीं. व्यापारी आपल्या पिस्टनाची चौकशी करीत नाहीं. तो भाव पाडतो.

शेवटीं कायद्याची बाब. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें, निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपत्र जुळणार नाहीं असा बदल मालकास करतां येत नाहीं, व सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें कलम कडक अर्थानेंच वाचलें. त्याच सालच्या दुरुस्तीनें १८२-अ हें कलम बदलून अशी तरतूद आली : बेकायदा फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाल्यास विमा कंपनी हेंच कारण पुढें करील, हें वेगळें सांगावयास नको. आणि अपघाताची भीति काल्पनिक नाहीं. इंजिन जोरदार झालें तरी ब्रेक तेच जुने ड्रमाचे राहतात. पालच्या बाजूनें सातपुड्यांतून उतरतांना भाता उपयोगी पडत नाहीं, ब्रेक पडतो. म्हणून रस्त्यावर न्यावयाची असेल ती गाडी अशी बदलण्यापूर्वीं जळगांवच्या परिवहन कार्यालयास लेखी विचारावें आणि उत्तरहि लेखीच घ्यावें.

ज्या घरच्या मुलास ही विद्या खरोखर शिकावयाची आहे, त्याच्या वडिलांनीं त्यास एखादें सुटें जुनें पेट्रोल इंजिन लोखंडी घोडीवर बसवून द्यावें. त्यावर तो पुली कापील, दाब मोजील, दोन गॅस्केटा जाळील, आणि यांत ना केळीची खेप अडेल ना कोणाचा हात-पाय मोडेल. तालुक्यांतील एखाद्या सहकारी संस्थेनें इंजिनाचा दाबमापक घेऊन सभासदांस अनामतीवर वापरावयास दिला, तर अशा मुलांची सोय होईलच. परंतु ज्यांना सुपरचार्जराशीं कांहीं कर्तव्य नाहीं, त्या आपल्यासारख्यांनाहि, विहिरीवरचें आणि खळ्यांतलें इंजिन किती गळतें, हें उन्हाळ्यापूर्वीं समजेल.