पाण्याच्या कडेने

आमच्या घरात सहलीचा विषय निघाला की पहिली अट ठरलेली असे: पाणी नको. किल्ला चालेल, बाग चालेल, वेरूळची लेणी चालतील. नदी, धरण, समुद्र नको. सहा वर्षे ही अट आम्ही कारण न सांगता पाळायला लावली. कारण तसे सगळ्यांना ठाऊक होते.

सहा वर्षांपूर्वी आमच्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा ईदच्या तिसऱ्या दिवशी मावसभावांबरोबर एका धरणावर गेला आणि परत आला नाही. वर्गाचे हजेरीपुस्तक ऑफिसातून आणण्याचे काम त्याच्याकडे असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या मासेमारी करणाऱ्यांनी त्याला बाहेर काढले. आम्ही घरी गेलो तेव्हा त्याची आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, "आपा, मेरा बच्चा तैरने नहीं गया था, चप्पल लेने गया था." पायातली चप्पल सुटून पाण्यावर तरंगत गेली, ती घ्यायला तो उतरला. पाणी गुडघ्याएवढे होते. पुढच्या पावलाला तळच नव्हता.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी थोरला म्हणाला, "अम्मी, तुम्ही नाही नेलंत तर आम्ही मित्र-मित्र जाऊ. भंडारदऱ्याला. सगळेच जातात." तो दहावीत आहे. उद्धटपणे बोलत नव्हता, जे होणार ते सांगत होता. आम्ही वर्गात चाळीस मुलांना समजावतो, पण घरच्या एकाला उत्तर सुचेना. रात्री मुलांच्या अब्बांनी एवढेच विचारले, "तो आपल्याबरोबर गेलेला बरा, की आपल्याशिवाय?" आपण नेले नाही म्हणून मुले जायची थांबत नाहीत, हे आम्हाला त्या रात्री मान्य करावे लागले.

तर आम्ही चौघे निघालो. कल्याणहून कसारा घाट चढून इगतपुरी, पुढे घोटीला महामार्ग सोडला की रस्ता डोंगरात शिरतो. पावसाळा संपून महिना झाला होता. भातकापणी चालू होती, उतारांवर गवत पिवळे पडत होते. शेंडी गावाच्या वर आलो आणि एकदम तलाव दिसला. धाकटी सहावीत आहे. ती म्हणाली, "एवढा?" आमच्या हातातली पिशवी उगीचच घट्ट झाली.

हे धरण प्रवरा नदीवरचे, सगळे दगडी बांधकाम. काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले. मागचा तलाव आर्थर लेक म्हणून ओळखला जातो. भरला की सुमारे अकरा टीएमसी पाणी. संगमनेर-श्रीरामपूरकडचा ऊस याच पाण्यावर उभा राहतो, म्हणून पावसाळ्याअखेर भरलेला हा तलाव उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो. हे आम्ही घरून वाचून आलो होतो. त्याचा अर्थ मात्र कळला तो आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या मामांमुळे.

मामा तिथलेच, महादेव कोळी समाजाचे. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. आम्ही येताच विचारले, मांसाहारी करू का? आम्ही म्हटले, पिठले-भाकरी आणि ठेचा करा, त्याहून चांगले काय? नागलीची भाकरी मुलांनी पहिल्यांदाच खाल्ली. (धाकटीने ती काळी म्हणून नाक मुरडले आणि नंतर अडीच खाल्ल्या.)

संध्याकाळी मामा आम्हाला काठावर घेऊन गेले. थोरल्याने बूट काढायला सुरुवात केली. आम्ही काही बोलण्याआधी मामांनी हातातली बांबूची काठी त्याला दिली आणि म्हणाले, "आधी हिला घाल पाण्यात." त्याने काठावर उभे राहून काठी टेकवली. जेमतेम घोटाभर. हात लांबवून दीड हात पुढे टेकवली. गुडघाभर. मग मामांनी त्याचा शर्ट मागून धरला आणि म्हणाले, आता अजून थोडी पुढे. काठी जात राहिली, मनगट भिजले, टेकली नाही.

"खाली आमच्या पणज्याची खाचरं हायेत," मामा म्हणाले.

डोंगरउताराची भातखाचरे पायऱ्यांसारखी असतात. एक सपाट वाफा, मग बांध, मग पुरुषभर खाली दुसरा वाफा. धरण झाले तेव्हा त्या पायऱ्या आहेत तशाच पाण्याखाली गेल्या. वरच्या पायरीवर उभे असाल तर पाणी गुडघाभर वाटते, बांध संपला की संपले. त्यात वर्षभर पाणी चढते-उतरते, त्यामुळे काठ रोज सरकतो. मार्चमध्ये जिथे कुणी खेळून गेले ती जागा नोव्हेंबरात खोल पाण्यात असते. वर तळाला गाळ. पाय रुतला की माणूस तो उपसायला जोर लावतो, आणि दुसरा पाय आणखी खोल जातो. पोहता येणाऱ्यालाही हे चुकत नाही. विहिरीत पोहायला शिकलेले कितीतरी जण धरणात फसतात, कारण विहिरीचा तळ गाळाचा असला तरी तिथे कुणी चालायला जात नाही.

आम्ही सहा वर्षे मुलांना 'पाणी वाईट' सांगत होतो. मामांनी एका काठीने पाणी कसे असते ते दाखवले. थोरल्याने बुटाच्या नाड्या परत बांधल्या. आम्ही काही बोललो नाही.

मामा अजून एक गोष्ट सांगून गेले, ती भगिनींनी घरी मुलांकडून करून घ्यावी. पाण्याकडे जाताना ते पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन नेतात, झाकण घट्ट लावलेला, कानाला पंधरा-वीस हात दोरी बांधलेली. कुणी पडला तर मागे उडी मारायची नाही. कॅन फेकायचा, तो धरला की काठावर पालथे पडून ओढायचे. दोरी नसेल तर दोन-तीन ओढण्या एकमेकींना गाठ मारून. घरी परतल्यावर आम्ही अंगणात हा सराव घेतला. कॅन नेमका फेकणे सोपे नाही. पहिल्या सहा फेकी शेजारच्यांच्या तुळशीजवळ गेल्या. रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, म्हणून तळाला दोन पेले पाणी ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी कळसूबाई. फजरची नमाज पढून निघालो, बारी गावातून चढ सुरू होतो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. बुरखा घालून चढता येईल का, असे निघण्याआधी दोन मैत्रिणींनी विचारले होते, म्हणून सांगतो: पायघोळ काही नको. लोखंडी शिड्यांवर ते पायाखाली येते. आम्ही सलवार, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि पिनांनी पक्का बसवलेला स्कार्फ असे गेलो, पायात बूट. वाटेत गावातल्या बाया लुगड्यात, डोक्यावर ताकाचे हंडे घेऊन आमच्या पुढे गेल्या, त्यामुळे कपड्यांचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

पहिली शिडी आम्ही चढलो. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर खाली पाहिले, आणि हात सुटेना. वरही जाईना, खालीही येईना. मागे चार माणसे थांबलेली. धाकटी वरून म्हणाली, "अम्मी, फक्त पुढची पायरी बघा." हे वाक्य आमचेच. गणिताला घाबरणाऱ्या मुलांना आम्ही हेच सांगतो. पाय कापत वर पोहोचलो आणि तिथल्या ताकवालीच्या शेडमध्ये बसलो. पुढे जायचे नव्हते.

मग प्रश्न आला मुलांचा. आम्ही बसलो म्हणून त्यांना बसवायचे? मुलांच्या अब्बांनी घड्याळ काढले. अकरा वाजले की जिथे असू तिथून परत फिरायचे, असे ठरवून ते तिघे पुढे गेले. मामांचा पुतण्या बरोबर होता. ते वळणाआड गेले आणि आम्ही दीड तास एका वाटेकडे पाहत बसलो. ताकवाली बाई मधेच म्हणाल्या, "येत्यात ताई, येत्यात. माझी पोरगी रोज दोनदा वर जाती." दीड तासात आम्ही तीन पेले ताक प्यालो, त्यातले दोन नको असताना.

ते आले ते बोलतच. शिखरावर देवीचे छोटे मंदिर आहे, लोक रांगेत होते. ही तिघे बाजूच्या खडकावर बसली होती. वरून भंडारदऱ्याचा सगळा तलाव दिसतो म्हणे, डोंगरांच्या बेचक्यांत बोटे घालून बसलेला. थोरला म्हणाला, "वरून कळतं अम्मी, ते पाणी नाहीच आहे. ती दरी आहे, भरलेली."

उतरताना त्यांच्या अब्बांचा गुडघा बोलू लागला. उतरण चढणीपेक्षा गुडघ्याला जड जाते. चाळिशीच्या पुढच्यांनी काठी न्यावी, लाज बाळगू नये. जोहर बारीत उतरून पढली.

संध्याकाळी होडीतून चक्कर मारली. होडीवाल्याने लाइफ जॅकेट दिली, पण पट्टे बांधायला कुणी लावत नव्हते. आम्ही शिक्षकी आवाजात सगळ्या होडीचे पट्टे बांधून घेतले, अनोळखी दोन काकांचेसुद्धा. होडी काठापासून सुटली तेव्हा आमचा एक हात धाकटीच्या पट्ट्यात होता. मध्यावर आल्यावर इंजिन बंद झाले. रतनगडाच्या बाजूने सावली पाण्यावर उतरत होती. छान होते. हे आम्हाला कबूल करायला हवे, फार छान होते.

रात्री अंगणात बसलो असताना थोरल्याने विचारले, "तो मुलगा तुमच्या वर्गात कुठल्या बाकावर बसायचा?"

सहा वर्षांत त्याने हे कधी विचारले नव्हते. खिडकीकडची ओळ, तिसरा बाक, आम्ही सांगितले. डावखुरा होता, म्हणून बाकाच्या डाव्या टोकाला बसायचा, नाहीतर शेजाऱ्याचे कोपर लागायचे. अक्षर वाईट. उर्दूचे मोठमोठ्याने वाचायचा. मग धाकटीने त्याचे नाव विचारले, आणि तेही सांगितले. आतून मामींनी भाकरी तव्यावर असल्याची हाक दिली.