फाईल अडली तरी व्याज थांबत नाही

आजच्या लिखाणात आठवणी कमी आणि भांडण जास्त आहे, हे आधीच सांगतो.

आपल्या पेडण्यात पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. एक, "देश सोडून चालले ना, मग भोगा." दुसरं, "सरकारी काम, वेळ लागायचाच." पहिलं वाक्य रागाचं आहे. दुसरं आपण इतकं ऐकलंय की ते खरंच वाटायला लागलंय. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. माझा अनुभव असा की वेळ आपोआप लागत नाही. कोणीतरी तो लावतो, आणि त्याचं बिल भलताच माणूस भरतो.

नव्या मुलांसाठी थोडं मागचं सांगतो. पेडणे महाल नव्या काबिजादीतला, १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. १९ डिसेंबर १९६१ ला आपण मुक्त झालो. त्या तारखेआधी गोव्यात जन्मलेल्याला, आणि त्याच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालचा कायदा आपल्याकडे जन्माची नोंद करून नागरिकत्व घेऊ देतो. म्हणजे तुये, पार्से, मांद्रे, डिचोली, कुठल्याही गावात आजोबांचा जन्म त्या काळच्या रजिस्टरात सापडला तर नातवाला वाट आहे. ही वाट चांगली की वाईट, यावर वेगळं भांडू. मी स्वतः इथेच राहिलो, माझी मुलंही इथेच आहेत. पण वाट कायद्याने उघडी ठेवली आहे आणि त्यासाठी फी घेतली जाते, तर त्या वाटेवर माणसाला वर्षानुवर्षे उभं करून ठेवायचा हक्क कोणाला नाही.

काम कसं चालतं बघा. आधी जुन्या नोंदीचा दाखला काढायचा. तो पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेला. तिथे आपला नाईक "नाइके" असतो, प्रभू "पोरोबो" असतो, शेणवी "सिनाय" असतो, आणि गाव "तुएम, पेर्नेम". बऱ्याच हिंदू नोंदींत आडनावच नाही, नुसतं बापाचं नाव. जन्माच्या दाखल्यात एक स्पेलिंग, लग्नाच्या नोंदीत दुसरं, आणि शाळेच्या दाखल्यात मास्तरांनी घातलेलं तिसरं. मग हे तिन्ही एकच मनुष्य असल्याचं सिद्ध करा, प्रतिज्ञापत्र करा, भाषांतर करा, शिक्के मारा. मग कागद लिस्बनच्या सेंट्रल रजिस्ट्रीकडे जातात. तिथून पुढे फक्त वाट बघायची. एक खोट निघाली की कागद परत. ती दुरुस्त करून पाठवली की दुसरी खोट. पहिल्याच वेळी सगळ्या खोटी एकदम सांगायला काय हरकत आहे, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

आता आमच्या वाड्यावरच्या एका मुलाची गोष्ट. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. त्याने २०१७ च्या अखेरीस कागद घातले. डोक्यात इंग्लंड होतं, कारण स्विंडनला आपली बरीच गोंयकार मंडळी आहेत आणि तेव्हा युरोपचा पासपोर्ट असला की तिथे जाऊन काम करता येत होतं. एजंटाला पैसे दिले, त्यासाठी आईचं सोनं तारण ठेवलं. दर दोन महिन्यांनी मी विचारायचो, "बाबू, खंय पावली रे फायल?" तो म्हणायचा, "काका, अजून कांयच कळूंक नाय." तीन वर्षं हेच उत्तर. ३१ डिसेंबर २०२० ला इंग्लंडमधली युरोपियनांची मुक्त ये-जा बंद झाली. जे आधीच तिथे राहत होते त्यांना अर्जासाठी ३० जून २०२१ पर्यंत मुदत मिळाली, पण हा तर तुयेत बसून होता. त्याची नोंद त्यानंतर झाली. पासपोर्ट हातात आला आणि ज्या दारासाठी घेतला ते दार लागलेलं. शेवटी पोर्तुगालमध्येच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागला. कागद नेमका कुठे अडला होता, इथे की तिथे, हे शेवटपर्यंत कोणीही सांगितलं नाही. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

सोन्यावरचं व्याज मात्र एक दिवस थांबलं नाही. हिशेब सोपा आहे, कॉमर्सवाल्याची सवय जात नाही. समजा तीन लाख काढले, बारा टक्क्यांनी. सरळ व्याजाने वर्षाला ३६ हजार. तीन वर्षांत १ लाख ८ हजार. ही रक्कम त्याने कुठल्या सेवेची दिली? कोणाच्या तरी टेबलावर फाईल पडून राहिली त्याची.

आणि हे फक्त परक्या देशाचं रडगाणं नाही. आपल्या बाजूलाही तेच. आपल्या राज्यघटनेत आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय गेलं, पासपोर्ट परत करायचा, सरेंडरचा दाखला घ्यायचा, मग ओसीआय कार्ड मागायचं. नियम स्पष्ट आहे, मला मान्य आहे. पण २०२२ च्या अखेरीपासून अनेकांना सरेंडरच्या दाखल्याऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचा कागद मिळायला लागला, आणि त्या कागदावर ओसीआय होईना. माणूस मधल्या मध्ये लटकला. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या मतदानाला महिना राहिला असताना, मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की रद्द केल्याचा कागदही आता चालणार. चांगली गोष्ट. पण कुठला कागद चालेल एवढंच त्यातून ठरलं. किती दिवसांत, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

या लटकलेल्यांची संख्या किरकोळ नाही. २०११ ते ऑक्टोबर २०२२ या काळात देशभरच्या पासपोर्ट कचेऱ्यांत सुमारे ६९ हजार पासपोर्ट परत आले. त्यांतले २८ हजारांच्या वर एकट्या गोव्याचे, म्हणजे चाळीस टक्के. एवढ्याशा गोव्याचे! यातल्या प्रत्येकाचं इथे घर आहे, म्हातारी आई आहे, वाटणीच्या कागदावर सही आहे. गोव्यात तर नवरा-बायको दोघांच्या सह्यांशिवाय जमीन हलत नाही. ओसीआय नसेल तर हा माणूस आपल्याच गावी पाहुणा. आई आजारी पडली की आधी व्हिसा, मग विमान. मोपाचा विमानतळ आपल्या उशाशी आला, पण त्यातून उतरायचा कागद कधी येईल ते सांगता येत नाही.

आता बँकेची गोष्ट सांगतो, कारण तुलना तिथेच आहे. प्रायॉरिटी सेक्टरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची शिस्त होती. २५ हजारांपर्यंतचा अर्ज पंधरा दिवसांत निकालात काढायचा, त्यावरचा आठ ते नऊ आठवड्यांत. अर्ज आला की रजिस्टरला तारीख. मंजूर केला तर तारीख, नाकारला तर कारण, तेही लेखी. इन्स्पेक्शनला आलेला साहेब पहिलं हेच रजिस्टर मागायचा. सस्पेन्स अकाउंटमध्ये अडकलेल्या नोंदी किती, एवढं विचारून तो थांबत नसे. सहा महिन्यांवरच्या किती, वर्षावरच्या किती, असं वयानुसार विचारायचा. घाम फुटायचा आम्हाला. त्या घामामुळेच नोंदी निकालात निघायच्या. नागरिकत्वाच्या फायलींना असा इन्स्पेक्टरच नाही.

कोणी म्हणेल, हे सुरक्षेचं काम आहे, खोटे दाखले निघतात, तपासायला नको? जरूर तपासा. आम्हीही सही तपासत होतो, सोनं कसाला लावत होतो, पण गिऱ्हाइकाला तीन वर्षं काउंटरवर उभं करत नव्हतो. उलट बघा, खोटे दाखले आणि बनेल एजंट कशावर जगतात? याच अंधारावर. फाईल कुठे आहे हे सरकार सांगत नाही, म्हणून "माझी आत ओळख आहे" म्हणणाऱ्याचा धंदा चालतो. खिडकीवर तारीख लिहिलेली असती तर त्याला कोण विचारतो?

दुसरा म्हणेल, माणसं कमी आहेत. मग आपल्या पासपोर्टचं बघा. जुन्या लोकांना आठवत असेल, आखातात जायचं तर पासपोर्टसाठी महिनोन्महिने. त्यात दहावी नापास असला की मुंबईला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या शिक्क्यासाठी खेटे. व्हिसाची मुदत संपत आली म्हणून रडकुंडीला आलेली पोरं मी काउंटरवर पाहिली आहेत. २०१० पासून पासपोर्ट सेवा केंद्रं आली. आज वेळ घेऊन जा, टोकन घ्या, फाईल कुठे पोचली ते मोबाईलवर बघा. खातं तेच परराष्ट्र मंत्रालय, देश तोच, पोलीस चौकशीही तीच. मग इथे जमलं ते तिथे का जमू नये?

पोर्तुगालनेही शेवटी हलून दाखवलं. तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशी लोकांसाठी नवी संस्था आली, तेव्हा तिच्या गळ्यात सुमारे चार लाख प्रकरणं पडून होती. २०२४ मध्ये फक्त ती निकालात काढण्यासाठी वेगळं पथक नेमावं लागलं. अमेरिकेत आपली मराठी मुलं ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभी आहेत, कारण एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. ती रांग अन्यायाचीच आहे. पण तिथलं सरकार दर महिन्याला छापतं की आज कुठल्या तारखेच्या अर्जापर्यंत आलो. निदान आपण कितव्या पायरीवर आहोत हे कळतं.

आपल्याकडे कायद्यालाच भोक आहे. गोव्यात २०१३ चा कालबद्ध सेवांचा कायदा आहे, पण तो राज्याच्या सेवांना. नागरिकत्व केंद्राचा विषय. केंद्राने असंच विधेयक डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत आणलं होतं, ते २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच बुडालं. त्यानंतर आलेल्या कुठल्याही सरकारने ते वर काढलं नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने भारत सरकारने आपल्या बापजाद्यांना भारतीय नागरिक केलं. ज्याला जुनं नागरिकत्व ठेवायचं होतं त्याने एका महिन्यात लेखी कळवायचं होतं. गोव्याची लोकसंख्या तेव्हा सहा लाखांच्या आसपास. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांनाही तीच मुदत. म्हणजे नागरिकाने आपला देश महिन्यात ठरवायचा, आणि सरकारने त्याचा कागद कधी द्यायचा याला मुदत नाही. हा कुठला न्याय?

मागणं मोठं नाही. अर्जाच्या पोचपावतीवर निकालाची तारीख लिहा. खोटी असतील त्या सगळ्या पहिल्याच वेळी सांगा. सहा महिन्यांवरचे, वर्षावरचे, दोन वर्षांवरचे अर्ज किती, ते दर महिन्याला जाहीर करा. तारीख चुकली तर फी परत करा आणि कारण लेखी द्या. नाकारायचं असेल तर नाकारा, पण तारखेला नाकारा. "नाही" ऐकलेला माणूस दुसरी वाट धरतो. "बघू" ऐकलेला तिथेच बसून म्हातारा होतो.

आपल्या आमदार-खासदारांना पुढच्या वेळी देवळाच्या कार्यक्रमात भेटाल, तेव्हा हार घालून झाल्यावर एवढंच विचारा: पोचपावतीवर तारीख कधी येणार? आणि उत्तर म्हणून "पाठपुरावा सुरू आहे" असं आलं, तर कुठल्या तारखेपर्यंत, हेही विचारा.

तुयेचा एक निवृत्त बँकवाला